पाचामुखी परमेश्वर, पण पहिलं तोंड कोणाचं?

काही वर्षांपूर्वी मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत होते. एका घरातून सोन्याच्या दोन बांगड्या गेल्या आणि संशय तिथे धुणीभांडी करणाऱ्या बाईंवर आला. पोलिसांत जाण्याआधी आपसांत बोलून घेऊ म्हणून रविवारी सकाळी आम्ही नऊ जण सोसायटीच्या ऑफिसात बसलो. सगळ्यांत ज्येष्ठ सभासदांनी सुरुवात केली, "मला तर काही शंकाच नाही. तिचंच काम आहे." मग शेजारच्या खुर्चीपासून एकेकाला विचारत गेले. माझी पाळी सहावी होती. त्या बाई माझ्याकडेही कामाला होत्या. ज्या आठवड्यात बांगड्या गेल्या असं सांगितलं जात होतं, त्यातले तीन दिवस त्या जत्रेसाठी गावी गेल्या होत्या, आणि त्या खोलीत हे फक्त मला ठाऊक होतं. तरी मी म्हणाले, "सगळ्यांचं तेच म्हणणं असेल तर माझी हरकत नाही." सोमवारपासून त्यांना गेटमधून आत सोडणं बंद झालं.

बांगड्या त्यांनी घेतल्या होत्या की नाही, हे आजही मला माहीत नाही. त्या तीन दिवसांच्या रजेनं काही सिद्ध होत नव्हतं, आठवड्याचे आणखी चार दिवस होतेच. पण ती माहिती सगळ्यांसमोर यायला हवी होती. ती माझ्याजवळ होती आणि आली नाही. मला कोणी दटावलं नव्हतं, कोणाची भीती नव्हती, कसला फायदाही नव्हता. मग मी गप्प का बसले? या प्रश्नामागे लागून मी ज्यूरीबद्दल, म्हणजे खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला बसवलेल्या सामान्य नागरिकांच्या गटाबद्दल, वाचायला लागले, कारण माणसं एकत्र बसून दुसऱ्याचा दोष कसा ठरवतात याचा सर्वांत बारकाईनं अभ्यास झालाय तो ज्यूरीच्या बाबतीत. वाचता वाचता माझं एक मत पक्कं झालं. आपण भारतात ज्यूरी बंद केली, पण तिच्यापासून जे शिकायचं होतं ते शिकलोच नाही.

आपल्याकडे ज्यूरी म्हटलं की एकच गोष्ट निघते. 27 एप्रिल 1959 रोजी मुंबईत नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजांना गोळ्या घातल्या. पत्नीनं आहुजांशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर नानावटींनी कुटुंबाला मेट्रो थिएटरवर सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्वर आणि सहा काडतुसं घेतली, आधी आहुजांचं ऑफिस आणि मग घर गाठलं. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. आंघोळ करून आलेल्या आहुजांच्या कमरेचा टॉवेल झटापटीनंतरही जागच्या जागी कसा राहिला, असा सरकारी पक्षाचा सवाल होता. 'ब्लिट्झ' साप्ताहिकानं नानावटींच्या बाजूनं आघाडी उघडली होती. ज्यूरीनं 8 विरुद्ध 1 मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना हा निर्णय मान्य झाला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे 1960 मध्ये जन्मठेप झाली आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली.

यावरून निघणारं तात्पर्य ठरलेलं असतं. सामान्य माणसं भावनेच्या भरात वाहून जातात, म्हणून ज्यूरी गेली आणि ते बरंच झालं. मुळात ही हकिगतच अपुरी आहे. ज्यूरी बंद करावी अशी शिफारस विधी आयोगानं 1958 च्या चौदाव्या अहवालातच केली होती, म्हणजे गोळ्या झाडल्या जाण्याच्या आदल्या वर्षी. आणि कायद्याच्या पुस्तकातून ज्यूरी पुरती गेली ती 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं, जी 1 एप्रिल 1974 पासून लागू झाली. शिवाय उच्च न्यायालयाला दोष दिसला तो नुसत्या ज्यूरीचा नव्हता. न्यायाधीशांनी ज्यूरीला खटला समजावून देताना गंभीर चुका केल्या होत्या, विशेषतः अपघात होता हे सिद्ध करण्याचा भार कोणावर आहे याबाबत. नऊ जणांना प्रश्नच नीट कळलेला नव्हता. त्याचं खापर मात्र फुटलं त्यांच्या भाबडेपणावर.

आणि त्या 8 विरुद्ध 1 मधल्या आठांबद्दलच आपण बोलत आलो. नवव्या माणसानं खोलीत काय सांगितलं, कोणी ऐकून घेतलं का, आठ मतं पुरेशी आहेत हे माहीत असताना ऐकून घेण्याची कोणाला गरज होती का, हे प्रश्न कधी विचारले जात नाहीत. माझ्या मते ज्यूरीचा खरा प्रश्न तिथेच आहे.

यापेक्षा कितीतरी बोलकी दोन उदाहरणं मुंबईच्याच उच्च न्यायालयात घडलेली आहेत. 1897 मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला. ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय होते. निकाल 6 विरुद्ध 3 असा लागला, सहाही युरोपीय एकीकडे आणि तिन्ही भारतीय दुसरीकडे. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. 1908 मध्ये दुसरा खटला चालला तेव्हा सात युरोपीय आणि दोन पारशी होते. निकाल 7 विरुद्ध 2 लागला आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती टिळकांनी मंडालेत भोगली. खटल्याचा विषय होता 'केसरी'तले मराठी लेख. दोषी ठरवणारे ते लेख इंग्रजी भाषांतरात वाचत होते. ते भाषांतर कुठे कुठे बिघडलंय हे सांगण्यात टिळकांच्या भाषणाचा बराच वेळ गेला. हे भाषण अनेक दिवस मिळून 21 तासांहून अधिक चाललं. मग 22 जुलैच्या रात्री आठच्या सुमारास ज्यूरी आत गेली आणि साधारण सव्वा तासात बाहेर आली.

हे घडू शकलं ते एका नियमामुळे. उच्च न्यायालयातल्या खटल्यात नऊपैकी सहा जण एका मताचे असले आणि न्यायाधीश त्यांच्याशी सहमत असले की निकाल पक्का होत असे. तेव्हा 1897 च्या ज्यूरीची रचना पुन्हा पाहा. सहा आणि तीन. तीन भारतीय खोलीत बसले होते, खुर्च्या त्यांच्यासाठी होत्या, मतंही मोजली गेली. पण त्यांचं मन वळवण्याची गरज उरलेल्या सहांना कायद्यानंच ठेवली नव्हती. आपल्यावाचून ज्यांचं काहीच अडत नाही, त्यांच्यासमोर माणूस किती वेळ बोलत राहील?

पुढच्याच वर्षी, 1898 मध्ये, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यानं आपली राज्यघटना नव्यानं लिहिली आणि बारापैकी नऊ मतांवर गंभीर गुन्ह्यातही दोषी ठरवता येईल अशी तरतूद केली. कृष्णवर्णीयांना ज्यूरीतून पूर्णपणे वगळणं केंद्रीय कायद्यामुळे अडचणीचं झालं होतं. मग दोन-तीन जण आले तरी त्यांच्या मताला किंमत राहू नये अशी सोय केली गेली. नंतर नवाचे दहा झाले, पण 2018 मध्ये मतदारांनी आणि 2020 मध्ये रामोस खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मोडेपर्यंत मूळ कल्पना टिकून राहिली. मुंबई आणि लुइझियाना यांनी एकमेकांकडे पाहून काही केलं नव्हतं. पण ज्याचं म्हणणं ऐकायचं नाही त्याला बाहेर ठेवण्यापेक्षा आत बसवून निरुपयोगी करणं सोपं जातं, हे दोन्हीकडच्या सत्तेला कळलेलं होतं.

मानसशास्त्रानं या समजुतीला आकडे दिले ते बऱ्याच उशिरा. 1950 च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश यांनी केलेला रेषांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. एका रेषेएवढी लांबी तीन रेषांपैकी कोणत्या रेषेची आहे, इतका सोपा प्रश्न. उत्तर डोळ्यांसमोर. पण आधी उत्तर देणारे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देतात आणि खऱ्या सहभागी माणसाची पाळी शेवटाकडे येते. सुमारे एक तृतीयांश वेळा त्यानंही सगळ्यांची री ओढली. अशा फेऱ्यांत एकदाही न डगमगणारी माणसं चारात एक निघाली. हा प्रयोग सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात, माणूस मेंढरू आहे एवढं म्हणतात. मला त्यातल्या पुढच्या दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. गटात आणखी एकानं जरी खरं उत्तर दिलं, तरी री ओढण्याचं प्रमाण एकदम खाली येई. आणि त्या माणसाला उत्तर मोठ्यानं न सांगता लिहून द्यायला सांगितलं, तरीही ते बरंच घसरे. म्हणजे माणसाला खरं दिसत असतं. ते बोलायला त्याला एक सोबती लागतो, किंवा एक चिठ्ठी.

सोबती हा मुद्दा किती निर्णायक आहे हे 1970 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या हातून निसटलं. विल्यम्स खटल्यात प्रश्न होता बाराऐवजी सहाच जणांची ज्यूरी चालेल का. बहुमताच्या निकालात असं गृहीत होतं की बारात 10 विरुद्ध 2 आणि सहात 5 विरुद्ध 1 यांत फरक नाही, प्रमाण तर तेच आहे. गणित म्हणून बरोबर आहे. पण 2 मधल्या माणसाला शेजारी कोणीतरी आहे आणि 1 हा एकटाच आहे. मानसशास्त्रज्ञांनी ही चूक लगेच दाखवून दिली. 1978 मध्ये बॅल्यू खटल्यात त्याच न्यायालयानं अशा संशोधनाचा आधार घेऊन पाच जणांची ज्यूरी नाकारली, सहांची मात्र तशीच ठेवली.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडायला हवा. हॅरी कॅल्व्हन आणि हान्स झायझल यांनी 1966 साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी ज्यूरींच्या अभ्यासात 225 ज्यूरींची पहिल्या मतदानाची माहिती होती. दहापैकी जवळपास नऊ खटल्यांत पहिल्या मतदानात ज्या बाजूला बहुमत होतं, तोच शेवटी निकाल ठरला. याला दबाव म्हणावं का? सरळ तसं म्हणता येणार नाही. पुरावा खरोखर भक्कम असेल तर बहुतेकांना तो आधीच पटलेला असणार आणि उरलेल्यांनाही पटणार. खोलीतला खल म्हणजे दर वेळी दमदाटी असते असं मी म्हणत नाही. पण मग सगळा भार त्या पहिल्या मतदानावर येऊन पडतो. ते कधी घेतलं, कसं घेतलं, कोण आधी बोललं, यावर.

रीड हेस्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये प्रयोगासाठी बसवलेल्या ज्यूरींचं काम पाहून नेमकं हेच टिपलं. काही ज्यूरी आत गेल्या गेल्या हात वर करायला सांगतात. मग दोन पक्ष पडतात आणि पुढचा वेळ आपापल्या पक्षाचं समर्थन करण्यात जातो. दुसऱ्या काही ज्यूरी आधी पुरावा मांडतात, काय घडलं असेल याची गोष्ट जुळवतात, मत शेवटी घेतात. दुसऱ्या तऱ्हेच्या ज्यूरी पुराव्यात जास्त खोलवर शिरतात. आणि जिथे एकमताची अट नसते तिथे लागणारी संख्या भरली की चर्चा आटोपते, अल्पमतातली माणसं कमी बोलतात. हे वाचताना मला 1908 चा तो सव्वा तास आठवत होता. एकवीस तासांचं भाषण, शब्दाशब्दाच्या अर्थावरून झालेला वाद, आणि त्यावर सव्वा तास.

माझ्या स्वतःच्या गप्प बसण्याचं उत्तर मात्र मला ज्यूरीत नाही, दुसऱ्याच एका प्रयोगात सापडलं. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी 1985 मध्ये चार-चार विद्यार्थ्यांच्या गटांना काही उमेदवारांतून एकाची निवड करायला सांगितलं. माहितीचे तुकडे मुद्दाम वाटून दिले होते. काही गोष्टी चौघांनाही ठाऊक होत्या, काही एकेकट्यालाच. सगळं एकत्र केलं तर योग्य उमेदवार उघड दिसला असता. पण गट बोलत राहिले ते सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींबद्दल. एकट्याची माहिती एकट्याकडेच राहिली. सोसायटीच्या त्या ऑफिसात हेच झालं. बांगड्या, त्यांची किंमत, त्या घरातल्यांची अवस्था, बाईंनी मागितलेली उचल, हे सगळ्यांना माहीत होतं म्हणून पुन्हा पुन्हा बोललं गेलं. जत्रा फक्त मला माहीत होती. जी गोष्ट दुसरं कोणीच बोलत नाही ती बिनमहत्त्वाची असणार, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं होतं. घाबरून गप्प बसणं आणि आपल्याच माहितीचं मोल आपल्याला न वाटणं यांत फरक आहे. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे, कारण तिचा पत्ताच लागत नाही.

आता कोणी म्हणेल, ज्यूरी तर भारतातून गेली, मग हे उकरून काय उपयोग? ज्यूरी गेली असं आपण म्हणतो, पण दोष ठरवणारे गट गेले नाहीत, उलट वाढले. 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि निर्णय बहुमतानं होतो. पारशी विवाहांच्या खटल्यांत न्यायाधीशांच्या मदतीला प्रतिनिधी बसवण्याची पद्धत अजून आहे. कॉलेजच्या शिस्तपालन समित्या, बँकांच्या चौकशी समित्या, सोसायट्यांच्या कमिट्या, गावच्या तंटामुक्ती समित्या. यांतल्या कित्येक समित्यांसमोर माणसाची नोकरी, शिक्षण, अब्रू पणाला लागलेली असते. आणि जातपंचायती आहेतच, ज्यांच्या वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला 2016 मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

जातपंचायतीच्या उदाहरणात एक इशारा आहे. एकमताची अट घातली की सगळं सुधारेल असं समजू नये. तिथे निर्णय एकमुखीच असतात. आपल्याकडे 'बिनविरोध' या शब्दाला भलताच मान आहे. निवडणूक बिनविरोध, ठराव बिनविरोध, सभा खेळीमेळीत पार पडली. उघड्यावर, ज्येष्ठांच्या नजरेसमोर, एकापाठोपाठ एक मिळवलेलं एकमत म्हणजे अ‍ॅश यांच्या प्रयोगाचीच मोठी आवृत्ती. अल्पमताला किंमत देणारं एकमत आणि अल्पमताला गिळणारं एकमत यांतला फरक निकालात दिसत नाही. तो दिसतो निकाल कसा झाला यात.

यावर कायद्याच्या जाणकारांचा मुद्दा असतो की गटानं ठरवायचंच असेल तर तो न्यायाधीशांचा असावा, प्रशिक्षित माणसं अशी वाहवत नाहीत. मला हे पटत नाही. 28 एप्रिल 1976 रोजी, आणीबाणीत, पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं 4 विरुद्ध 1 असा निर्णय दिला की बेकायदा स्थानबद्ध झालेल्या माणसाला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. चौघंही निष्णात होते. प्रशिक्षणानं त्यांना वाचवलं नाही. पण न्यायाधीशांच्या पद्धतीत ज्यूरीत नसलेली एक गोष्ट होती. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांना आपलं वेगळं मत कारणांसह, स्वतःच्या सहीनं लिहिता आलं. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं गेलं, खन्नांनी राजीनामा दिला. मत मात्र कागदावर राहिलं आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जुना निकाल चुकीचा ठरवला तेव्हा ते हाताशी होतं. 1908 च्या त्या दोन पारशी सदस्यांना आणि 1897 च्या तीन भारतीयांना असा कागद कोणी दिला नाही. मुंबई उच्च न्यायालयात त्या खटल्याच्या दालनाबाहेर टिळकांचे उद्गार संगमरवरावर कोरलेले आहेत, ज्यूरीनं काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, असं सांगणारे. टिळक काय म्हणाले हे आपल्याला अक्षरशः माहीत आहे. 'दोषी नाही' म्हणणाऱ्या पाच जणांना लेखांत काय वाचायला मिळालं, जे इतरांना दिसलं नाही, हे कळण्याचा मार्ग नाही.

ज्यूरी परत आणा अशी माझी मागणी नाही. जातीपातीनं आणि पैशानं इतक्या खोलवर विभागलेल्या समाजात ती कशी भरायची, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. माझी मागणी आज बसणाऱ्या समित्यांसाठी आहे आणि ती अगदी साधी आहे. चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येकानं आपलं मत लिहावं, आणि त्याबरोबर आपल्याला ठाऊक असलेली पण इतरांना कदाचित ठाऊक नसलेली एक तरी गोष्ट लिहावी. आधी पुरावा वाचावा, मत शेवटी घ्यावं. बोलण्याची सुरुवात सर्वांत कनिष्ठ सदस्यानं करावी. वेगळं मत असेल तर ते कारणांसह अहवालात जावं. आणि कोणत्याही समितीत वेगळ्या थरातलं माणूस एकटं नसावं, निदान दोन तरी असावेत. अंतर्गत समितीत बाहेरच्या संस्थेची एक सदस्य असावी लागते. हेतू उत्तम आहे, पण त्या एकीला बाकीच्या सहकाऱ्यांसमोर बसवून आपण 5 विरुद्ध 1 सारखीच मांडणी करतो.

यातलं कनिष्ठानं आधी बोलायचं हे माझं डोकं नाही. भारतीय लष्कराच्या कोर्ट मार्शलमध्ये सदस्यांची मतं सर्वांत कमी हुद्द्याच्या अधिकाऱ्यापासून घेण्याचा नियम आहे. जिथे वरिष्ठाच्या शब्दाबाहेर जायचं नाही अशी शिस्त अंगात मुरवलेली असते, तिथल्याच लोकांना हे सर्वांत आधी उमगलं की कर्नल पहिल्यांदा बोलला तर लेफ्टनंटचं मत मिळणारच नाही. सोसायटीच्या ऑफिसातही हुद्दे असतात. ते कोणी खांद्यावर लावत नाही इतकंच.

वेळ जाईल, असं मला अनेकांनी सांगितलं. नऊ जणांनी चिठ्ठी लिहायची म्हटली तर पाच मिनिटं जातात. त्या रविवारी आमच्या मीटिंगला चहासकट पस्तीस मिनिटं लागली होती.